सत्तरच्या पुढची थरथर

५ फेब्रुवारी

वन्सं,
नमस्कार.

फोनवर आपलं बोलणं कधी पुरं होतच नाही. तुम्हाला नीट ऐकू येत नाही, मला ओरडून बोलता येत नाही. मग तुम्ही "बरं बरं" म्हणून फोन ठेवता आणि मी काय म्हणाले ते तुमच्या मनाने ठरवून टाकता. काल तेच झालं. मी म्हणाले, "ऑपरेशननंतर तुम्हाला घरी न्यायला मी येते." तुम्ही ऐकलंत की मला यायला जमत नाही. जन्मभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लोकांचे फोन जोडून दिलेत आणि घरच्या माणसाचा एवढा एक फोन तुम्हाला जोडता येऊ नये. म्हणून हे पत्र. निदान वाक्यं तरी पुरी होतील.

तर मी येते आहे. खुब्याचा सांधा बदलून झाला की दवाखान्यातून तुम्हाला घरी मी आणणार, आणि गाडीने आणणार. लायसन्स मिळालं आहे. हे गेल्यावर गाडी अंगणात आच्छादन घालून उभी होती. शेवटी दुकानासाठीच शिकावी लागली. चष्म्याचं दुकान नुसतं काउंटरवर चालत नाही हे तुम्हाला माहीत आहे. गावाबाहेरच्या दोन्ही वृद्धाश्रमांत भिंगांची पेटी घेऊन जावंच लागतं. हे असताना गाडी तेच चालवायचे आणि मी पेटी मांडीवर घेऊन बसायचे. आता पेटी शेजारच्या सीटवर बसते.

एकच कटकट आहे. साठपर्यंत गाडी शहाण्यासारखी चालते. सत्तरला स्टिअरिंग हातात थरथरायला लागतं. ऐंशीला तर कोपरापर्यंत मुंग्या येतात. वेग कमी केला की सगळं शांत. ड्रायव्हिंग स्कूलचे सर एकदा शेजारी बसले होते. ते म्हणाले, "मॅडम, तुम्ही घाबरता. घट्ट धरता म्हणून थरथरतं." मी सैल धरलं. जास्तच थरथरलं. तर म्हणाले, "आता फारच सैल धरलंत."

होईल ते ठीक. तुम्ही ऑपरेशनची तारीख कळवा.

तुमची,
धाकटी

१२ फेब्रुवारी

धाकटे,
अनेक आशीर्वाद.

तारीख मार्चच्या शेवटी आहे. डॉक्टरांच्या मनात आलं तर पुढे जाईल. माझ्या खुब्याची त्यांना घाई नाही, मला आहे.

गाडीने येण्याचं मनातून काढून टाक. वर्षभरापूर्वी तुला रस्ता ओलांडताना कोणाचा तरी हात लागायचा आणि आता तू घाट चढून मला न्यायला येणार? बसने ये. नाहीतर येऊच नकोस, दवाखान्याची गाडी आहे, ते मला सामानासारखं दारात उतरवून देतील.

थरथरीचं जे लिहिलं आहेस ते मला बिलकूल आवडलेलं नाही. स्टिअरिंग म्हणजे लोखंड आणि प्लास्टिक. ते कशाला थरथरेल? माणसाचे हात थरथरतात. आमच्या एक्स्चेंजमध्ये एक सुपरवायझर होत्या. त्या म्हणायच्या की टेबल हलतं, म्हणून पेन नीट चालत नाही. टेबल तिघांनी धरून पाहिलं. टेबल जागच्या जागी होतं. पुढे काय निघालं ते मी लिहीत नाही. डॉक्टरकडे जा आणि हात दाखव.

आणि गाडीने आलीस तरी तू दवाखान्यात पोचणार कधी? वेळेवर पोचणं तुमच्या दुकानाच्या रक्तात नाही. मला सकाळी सोडलं तर मी दुपारपर्यंत बाकावर बसून राहू का?

स्वेटर विणायला घेतला होता तो अर्धा राहिला आहे. बसवत नाही.

तुझी वन्सं

२३ फेब्रुवारी

वन्सं,
नमस्कार.

डॉक्टरकडे जाऊन आले. त्यांनी हात पसरायला लावले, त्यावर कागद ठेवला, डोळे मिटून नाकाला बोट लावायला सांगितलं, भरलेला ग्लास एका हातातून दुसऱ्या हातात घ्यायला लावला. मग विचारलं, "तुम्ही काय काम करता?" मी म्हणाले, "चष्म्याच्या काड्यांना मोहरीएवढे स्क्रू बसवते." त्यांनी स्वतःचा चष्मा काढून दिला. त्याची काडी ढिली होती. ती आवळून दिली आणि घरी आले. हात उत्तम आहेत. आता ही गोष्ट संपली असं समजा.

मग गाडी यांच्या नेहमीच्या गॅरेजमध्ये नेली. मिस्त्री बोनेट उघडून आत बघत उभे राहिले. मी म्हणाले, "स्टिअरिंग थरथरतं, सत्तरच्या पुढे." ते म्हणाले, "साहेब असताना गाडी फुलासारखी होती."

"असेल. आता थरथरते."

"ताई, कोण चालवतं?"

"मीच चालवते."

त्यावर त्यांनी असं काही "हं" केलं की माझ्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. मग गाडी काढली, गॅरेजच्या गल्लीत एक चक्कर मारली आणि परत आणून उभी केली. म्हणाले, "काही नाही. एकदम मस्त." त्या गल्लीत हातगाडीसुद्धा पुढे जाऊ शकत नाही. तिथे सत्तर कसा येणार? मी म्हणाले, मोठ्या रस्त्यावर चला, मी शेजारी बसते. त्यांना वेळ नव्हता. तरी अलाइनमेंट करून दिली. चाकं सरळ रेषेत आहेत की नाहीत ते बघतात म्हणे. ती आधीही सरळच होती. गाडी कुठल्या बाजूला ओढत नव्हतीच. दुसऱ्या दिवशी वृद्धाश्रमाच्या रस्त्याला लागले, सत्तरला स्टिअरिंगने पुन्हा माझ्याशी हस्तांदोलन केलं.

मुलाला फोन केला तर तो म्हणतो, "आई, रस्ता खराब असेल." रस्ता परवाच नवीन झाला आहे.

मी आता कोणाला विचारायचंच सोडून दिलं आहे. सर म्हणतात मी घाबरते, मिस्त्री म्हणतात मला चालवता येत नाही, तुम्ही म्हणता मला रोग झालाय, आणि मुलगा रस्त्यावर ढकलतो. गाडीबद्दल मात्र कोणी एक वाईट शब्द काढायला तयार नाही.

वेळेवर पोचण्याबद्दल तुम्ही टोचून लिहिलंत ते कळलं. कशाबद्दल ते कळलं नाही.

धाकटी

१ मार्च

धाकटे,

तारीख पक्की झाली. या महिन्याची पंचवीस. पाच-सहा दिवसांनी घरी सोडतील.

डॉक्टरचं वाचलं. डॉक्टर तुझ्याच गावचा आहे आणि तू त्याचा चष्मा फुकट दुरुस्त केलास. तो आणखी काय सांगणार?

मी माझ्या परीने व्यवस्था केली आहे. तू काळजी करू नकोस आणि माझ्याशी वादही घालू नकोस. इथे पाय उचलताना जीव जातो, त्यात तुझ्या गाडीची काळजी मला झेपणारी नाही.

वन्सं

९ मार्च

वन्सं,

व्यवस्था कळली.

रविवारी मुलगा आला. न सांगता कधी येत नाही, म्हणून मला आनंद झाला. जेवला, दुकानाचा पंखा पुसून दिला, आणि मग टेबलावर हात ठेवून म्हणाला, "आई, गाडी मी माझ्याकडे नेतो थोडे दिवस." मी विचारलं, का? तर खाली बघतो. दोनदा विचारल्यावर म्हणाला, "आत्याचं पत्र आलं होतं."

तुम्ही त्याला लिहिलंत की आईचे हात चालत नाहीत आणि ती लपवते आहे. तुम्हाला मी डॉक्टरचं सगळं कळवलं होतं. त्याच्या आधी लिहिलंत की नंतर, ते विचारायचीसुद्धा मला इच्छा नाही. माझ्या पोटच्या पोराने माझ्यासमोर खुंटीवरून किल्ली काढली आणि "रागावू नकोस" म्हणाला. मी रागावले नाही. भांडी घासत बसले. गाडी गेल्याचा आवाज आला तरी नळ बंद केला नाही.

मंगळवारी पेटी घेऊन बसने वृद्धाश्रमात गेले. ती पेटी पूर्ण भरली की एका हाताने उचलत नाही. म्हणून अर्धी भिंगं घरी ठेवली. तिथे एक निवृत्त घड्याळजी आहेत. महिनाभर माझी वाट बघत होते. त्यांचा नंबर बदललाय, आणि नेमकी त्यांना लागणारी भिंगं मी घरी ठेवून गेले होते. "पुढच्या खेपेला," मी म्हणाले. ते म्हणाले, "असू दे, मला तरी वाचायचं काय आहे." परत येताना बसमध्ये सगळ्या रस्ताभर तेच ऐकू येत होतं.

हे काम आम्ही दोघांनी उभं केलं आहे. हे गेल्यावर लोक म्हणाले, दुकान विकून टाका. मी विकलं नाही. रडत बसण्याऐवजी या वयात क्लच आणि गिअर शिकले. आणि तुम्ही एका पत्रात मला पुन्हा बसच्या रांगेत उभं केलंत.

दवाखान्याची गाडी तुम्हाला दारात सोडते म्हणालात. ते बरं.

धाकटी

१६ मार्च

धाकटे,

तुझं पत्र येऊन चार दिवस झाले. मधे दोन लिहून फाडली.

हो, लिहिलं मी चिरंजीवांना. डॉक्टरकडे जाऊन आल्याचं तुझं पत्र आल्यानंतर लिहिलं. आता राग कर. माझा धाकटा भाऊ सकाळी अंघोळीला म्हणून गेला आणि बाहेर आला नाही. त्याला कोणी डॉक्टरने काही सांगितलं नव्हतं. तोही "उत्तम"च होता. त्यानंतर मला कोणाच्या उत्तमवर भरवसा वाटत नाही. एक माणूस असं गेलं. दुसरं घाटात स्टिअरिंग धरून थरथरत जावं, आणि तेही मला आणायला येताना, हे मला चालणार नाही. तू मला दुष्ट म्हण.

आणि आता लिहायलाच बसले आहे तर पोटातलं सगळंच लिहिते. टोचलं कशाबद्दल ते तू विचारलं होतंस.

पूर्वी तुम्ही दोघं यायचात तेव्हा माझा सकाळचा चहा व्हायच्या आत गाडी दारात असायची. दिवसभर तो इथे लोळायचा, माझे नळ दुरुस्त करायचा, गच्चीवर झोपायचा, अंधार पडला तरी उठायचा नाही. शेवटची दोन वर्षं काय झालं? भर दुपारी यायचात. ताटावरून उठला की तो घड्याळ बघायला लागायचा आणि उन्हं कलायच्या आत निघायचात. मी विचारलं की म्हणायचा, "तिला दुकानाचं असतं गं." दर वेळी. तू शेजारी उभी असायचीस, पर्स खांद्याला लावून. मी मनात म्हणायची, हिने याला दुकानाला बांधून ठेवलाय. बहिणीसाठी एक दिवस मोकळा सोडवत नाही हिला. तो गेला तेव्हाही माझ्या मनात पहिलं हेच आलं की शेवटच्या दोन वर्षांतला भाऊ हिने मला मोजून मापून दिला.

हे कधी लिहिणार नव्हते. पण तू क्लच-गिअरचं ऐकवलंस, म्हणून मीही ऐकवलं.

वन्सं

२१ मार्च

वन्सं,

हे पत्र तुम्हाला ऑपरेशनच्या आधी मिळावं म्हणून आज टाकते आहे. शांतपणे वाचा. मी शांतपणे लिहायचा प्रयत्न करते आहे, पण जमेल असं वाटत नाही.

बुधवारी मुलाचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलला, हवा कशी आहे विचारलं. त्याला हवेचं कधीपासून पडलं? मग म्हणाला, "आई, गाडी हायवेला घातली होती. स्टिअरिंग थरथरतं."

मी हातातली चष्म्याची काडी खाली ठेवली.

"आई, आहेस ना?"

मी म्हणाले, "रस्ता खराब असेल."

तो एवढंच म्हणाला, "आई, प्लीज." मग काल दुकान बंद ठेवून बसने त्याच्याकडे गेले. तो गाडी टायरच्या दुकानात नेणार होता. मी म्हणाले, माझ्यासमोर न्यायची. मी शेजारी बसणार आणि काय निघतं ते माझ्या डोळ्यांनी बघणार.

ते दुकान म्हणजे एक लांबट शेड आहे. भिंतीला टायरांच्या उतरंडी आणि मधोमध एक यंत्र. दुकानदार जाडजूड, बोलणं मोजकं. मी थरथरीचं सांगितलं. त्याने एकच विचारलं, "हाताला जाणवतं की सीटला?" मी म्हणाले, हाताला. "मग पुढचं चाक," तो म्हणाला आणि पाना घेऊन बसला. वन्सं, इतक्या महिन्यांत मला कोणीतरी पहिल्यांदाच गाडीबद्दल प्रश्न विचारला. मला तिथेच खुर्ची घेऊन बसावंसं वाटलं.

पुढचं डावं चाक काढून त्याने यंत्रावर चढवलं, झाकण ओढलं, चाक गरगर फिरलं. थांबल्यावर आकडे आले. चाकाची एक बाजू दुसऱ्या बाजूपेक्षा जड होती. फरक फार नाही, माझ्या दुकानातल्या दोन चष्म्यांच्या वजनाएवढा. मी म्हणाले, एवढ्याने काय होतं? तो म्हणाला, "उभ्या गाडीला काही होत नाही. चाक जोरात फिरलं की तेवढंच वजन दर फेरीला हातोडीसारखं आपटतं. म्हणून गल्लीत कळत नाही." माझ्या मुलाने खिशातून फोन काढून उगाच बघितला.

मग त्याने रिमच्या कडेवर बोट ठेवलं. तिथे करंगळीच्या पेराएवढा एक चौकोन बाकी रिमपेक्षा स्वच्छ होता. तिथे बॅलन्सिंगचं छोटं वजन बसवलेलं असतं, ते नव्हतं. पंक्चर काढताना टायर रिममधून उतरवला असणार, वजन पडलं असणार, आणि टायर परत चढवल्यावर चाक बॅलन्स करायचं राहून गेलं असणार. टायर उतरवला की ते करायचंच असतं म्हणे. एरवीही अधूनमधून बघून घ्यायचं. त्याने माझा हात धरून टायरवरून फिरवला. रबरात जागोजागी बशीसारखे खोलगट खड्डे. "हे काही महिन्या-दोन महिन्यांचं नाही," तो म्हणाला. "दोन वर्षं तरी अशीच चालली आहे. आणखी चालली असती तर बेअरिंग गेलं असतं. टायर घाटात फुटला असता तर मग विचारायलाच नको. आधी कोण चालवत होतं?"

मी म्हणाले, "माझे मिस्टर."

"मग त्यांना माहीत असणार. स्टिअरिंग ज्याच्या हातात असतं त्याला कळतंच. सावकाश चालवत असतील."

वन्सं, मी तिथे उभी होते आणि मला सगळ्या खेपा एकामागून एक दिसायला लागल्या. तुमच्याकडे येताना आम्ही अंधार असतानाच निघायचो. दुकानाला त्या दिवशी सुट्टी असते, कायमच असते, पाटीवर लिहिलेलं आहे. शेवटची दोन वर्षं हे डाव्या बाजूने, ट्रकच्या मागे, पन्नासने चालवायचे. मी म्हणायचे, "अहो, रस्ता मोकळा आहे." म्हणायचे, "बाहेर बघ की जरा, घाई काय आहे." मला वाटायचं, वय झालं, निवांत झाले. मी छान झोप काढायचे. परतताना अंधारात हळू चालवायला नको म्हणून लवकर उठायचे, आणि माझ्याकडे डोळ्यांनी खूण करायचे की पर्स घे.

पंक्चर झालेलं मला आठवतं. "रविवारी चाक दाखवून आणतो," म्हणाले होते. नंतर मी दोनदा विचारलं. "दाखवलं," म्हणाले. कुठे दाखवलं देव जाणे.

दुकानाचं नाव सांगून त्यांनी तुम्हाला गप्प केलं आणि मी मात्र काही न करता तुमच्या मनात वाईट ठरले. तुमच्यावर रागवावं तर तुम्हाला काय माहीत. त्यांच्यावर रागवावं तर ते भिंतीवर हसत बसलेत. काल घरी आल्यावर फोटोसमोर उभी राहून मी बरंच बोलले. त्याने काही झालं नाही.

चारही चाकं बॅलन्स करून घेतली, पुढचे दोन टायर नवे घातले. मुलगा म्हणाला, "आई, तू चालव." हायवेला नव्वदपर्यंत नेली. स्टिअरिंग हातात आहे की नाही असं वाटावं इतकं शांत. मुलगा शेजारी पेटीच्या जागेवर बसला होता. परत आल्यावर मी किल्ली काढून पर्समध्ये टाकली तेव्हा म्हणाला, "आत्याला मी लिहू?" मी म्हणाले, नको, ते मी बघते.

तुम्हाला सोडतील त्या दिवशी सकाळी मी दवाखान्यात असेन. नको म्हणायचं असेल तर आता उत्तर पोचायला वेळ नाही.

धाकटी

२४ मार्च

धाकटे,

उद्या सकाळी मला आत नेतील. हे पत्र शेजारच्या खाटेवरच्या बाईंच्या मुलीकडे टाकायला देते आहे. तुला नंतर मिळेल. मिळू दे.

तुझं पत्र सकाळपासून चार वेळा वाचलं. परिचारिका विचारून गेली, काही दुखतंय का. मी म्हणाले, भाऊ दुखतोय.

तो लहानपणापासून असाच. आमच्या अभ्यासाच्या टेबलाचा एक पाय आखूड होता. वडील रोज म्हणायचे, सुताराला बोलाव. हा रोज म्हणायचा, उद्या. आणि जाड पुठ्ठ्याची घडी पायाखाली सरकवायचा. मॅट्रिक होईपर्यंत आम्ही त्या पुठ्ठ्यावर अभ्यास केला. कोणाला त्रास नको, कोणाला विचारणं नको, आपल्यापुरतं काहीतरी जुळवून घ्यायचं आणि हसायचं. लोक म्हणायचे, किती शांत मुलगा. शांत कसला, आळशी. एका रविवारी चाक दाखवायला गेला असता तर मला माझ्या भावाचे कितीतरी दिवस मिळाले असते. तुझ्यावर राग धरण्यात मी जी दोन-तीन वर्षं घालवली ती वेगळीच.

आता मी भांडू कोणाशी? एवढं मोठं भांडण माझ्याकडे तयार आहे आणि ते घ्यायला माणूस नाही. समोर असता तर त्याचे कान धरून त्या टायरवर नाक घासायला लावलं असतं. मग जेवायला वाढलं असतं.

तू ये. सकाळी ये. घाटात आवाज न करता चालव, मला वळणावर हॉर्न वाजवलेला आवडत नाही.

वन्सं

१८ एप्रिल

धाकटे,
अनेक आशीर्वाद.

आता स्वयंपाकघरापर्यंत काठी न घेता जाते. परतताना घेते. फिजिओथेरपीवाली मुलगी रोज येऊन पाय असा उचलते जसा तो तिच्या मालकीचा आहे. तुझ्या सूचनेप्रमाणे न्हाणीघरात दांडी बसवून घेतली. ज्याने बसवली त्याला मी ती तीन वेळा हलवून बघायला लावली. चिडला, पण बसवली नीट.

तू गेल्यापासून लिहीन म्हणत होते. तू पोचल्याची चिठ्ठी आली, तीही वृद्धाश्रमातून लिहिलेली. घड्याळजींचा चष्मा झाला हे चांगलं झालं.

त्या दिवसाबद्दल लिहायचं आहे. दवाखान्याच्या दारात तू गाडी इतकी जवळ लावलीस की मला दोनच पावलं टाकावी लागली. उशी आधीच ठेवलेली होती. मी काही बोलले नाही, कारण बोलले असते तर चांगलं बोलावं लागलं असतं. घाट उतरून सरळ रस्त्याला लागल्यावर मी काट्याकडे बघत होते. साठ, सत्तर, ऐंशी. तुझ्या हातांकडेही बघत होते. तू एक हात काढून आरसा सरळ केलास. मी म्हणाले, "हळू चालव." तू म्हणालीस, "नाही." माझ्या आयुष्यात तू मला पहिल्यांदाच असं सरळ नाही म्हणालीस. मला राग यायला हवा होता.

आपण घरी पोचलो तेव्हा उन्हं अंगणाच्या अर्ध्यातही आली नव्हती. तू माझं अंथरूण घातलंस, औषधं लावून ठेवलीस, खिडक्या उघडल्यास, आणि तरी अख्खी दुपार शिल्लक. मग तुला काय करावं ते सुचेना, मलाही सुचेना. तू पर्स खांद्यावरून काढून खुर्चीवर ठेवलीस, पुन्हा उचललीस, पुन्हा ठेवलीस. मी म्हणाले, "बस की." आणि तू बसलीस. इतक्या वर्षांत आपण दोघीच एका खोलीत कधी बसलो होतो ते मला आठवेना. मधे तो असायचाच, बोलायला आणि हसायला.

तू लग्नाआधी पोहायचीस हे मला त्या दुपारी कळलं. माझं एक स्थळ मी स्वतः मोडलं होतं हे तुला. त्याला दोन्ही माहीत होतं आणि त्याने दोघींनाही काही सांगितलं नाही. आपण त्याला किती शिव्या दिल्या. मग तू रडलीस, मी तुला रागावले, आणि मग मीही.

आता ऐक. मला बरं वाटतंय, मला कशाची गरज नाही, औषधं आहेत, शेजारीण येते, दांडी पक्की आहे. तू यावंस असं इथे एकही काम उरलेलं नाही.

पुढच्या सुट्टीला ये. सकाळी ये आणि राहायची ये.

तुझी वन्सं